आधी तेलाची पळी मोजा, मग गड चढा

पहाटे साडेपाच-सहाला साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला माणसांची रीघ लागते. कुणी वाटेतल्या चार भिंती नावाच्या स्मारकापर्यंत जाऊन परततं, कुणी थेट दरवाजा गाठतं. यातले पुष्कळ जण वजन उतरवायला म्हणून येतात. सहा महिन्यांनी दम वाढलेला असतो, मांड्या घट्ट झालेल्या असतात, झोप चांगली लागते. काटा मात्र एक-दोन किलोच्या पुढे सरकत नाही. मग "आमच्या घराण्याचा बांधाच असा" म्हणून माणूस घरी बसतो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण चूक गड चढण्यात नसते. चूक असते ती हिशोबात.

तो हिशोब मांडून बघा. शहरापासून गड साधारण 300 मीटर उंच. 70 किलोचं शरीर तेवढं वर न्यायला लागणारं काम जेमतेम 50 कॅलरीचं. आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेपैकी सुमारे पाव हिस्साच कामाला लावतात, बाकीची उष्णता म्हणून निघून जाते. म्हणजे चढायला खर्च झाल्या 200 कॅलरी. उतरणं आणि वळणावळणाचं चालणं धरलं तरी फार तर 300. खाली आल्यावर एक वडापाव खाल्ला की साधारण 300 परत, आणि त्यावर गोड चहा. पहाटेची सगळी मेहनत पाच मिनिटांत फिटते.

याचा अर्थ गड चढू नका असा नाही. हृदय, फुप्फुसं, रक्तातली साखर आणि मन, सगळ्यांना चढाचा फायदा होतो. उतरलेलं वजन पुन्हा वाढू नये यासाठी तर रोजचं चालणं लागतंच. पण वजन उतरायला सुरुवात होते ती स्वयंपाकघरात. आपल्या भागातल्या स्वयंपाकघरात ते तीन ठिकाणी अडतं. फोडणीची पळी, चहाचा कप आणि दाण्याच्या कुटाचा डबा. भाकरी, भात आणि कालवण यांच्यावर उगाच आळ येतो.

पळीत किती तेल मावतं?

एक छोटा चमचा, म्हणजे 5 मिली तेल, साधारण 40 कॅलरीचं. शेंगदाण्याचं, करडईचं, सूर्यफुलाचं, सोयाबीनचं, कोणतंही घ्या. घाण्याचं तेल चवीला आणि वासाला चांगलं असतं, पण कॅलरी तेवढ्याच. आता आपल्या घरची पळी घ्या. खोकल्याच्या औषधाबरोबर 5 किंवा 10 मिलीच्या खुणांचं टोपण येतं, त्याने पाणी मोजून पळीत ओता. कुणाची पळी 15 मिलीची निघते, कुणाची 25 ची. 25 मिलीच्या दोन पळ्या भाजीला, एक आमटीला, म्हणजे एका वेळच्या स्वयंपाकात 75 मिली, साधारण 600 कॅलरी. भाजी "साधीच" होती असं सगळे म्हणतात आणि ते खरंही असतं. तेल मात्र साधं नव्हतं.

दुसरा हिशोब महिन्याच्या डब्याचा. चार माणसांच्या घरात 5 लिटरचा डबा महिनाभरात संपत असेल तर माणशी रोज 38 ग्रॅम तेल, म्हणजे सुमारे 340 कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली काढलेल्या आहार मार्गदर्शिकेत 2000 कॅलरीच्या दिवसाला 27 ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. वजन उतरवायचं असेल तर 15 ग्रॅमवर, म्हणजे माणशी तीन-साडेतीन छोट्या चमच्यांवर यायचं. चार माणसांना महिन्याला दोन लिटर. एकदम उडी मारू नका. पहिल्या महिन्यात पाचाचे चार करा, पुढच्या महिन्यात तीन. जिभेला सवय व्हायला तीन-चार आठवडे लागतात. एकदम कमी केलं तर घरातलं दुसरंच कुणीतरी ताटावरून उठतं आणि सगळा बेत फसतो.

यासाठी सगळ्यात उपयोगी पडतं ते एक रिकामं भांडं. रोज सकाळी दिवसभराचं तेल मोजून एका वाटीत काढायचं. चार माणसांचे 14 छोटे चमचे, म्हणजे 70 मिली. दिवसभर फोडणी, पोळी, धिरडं सगळं त्या वाटीतलं. वाटी संपली की मोठ्या डब्याला हात लावायचा नाही. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीशी आधी बोलून हे ठरवा. ती व्यक्ती एक आणि वजन उतरवणारी दुसरी असेल, तर नुसतं "तेल कमी घाल" म्हणून काही होत नाही. वाटी मात्र दोघांनाही दिसते.

कमी तेलात कालवण करताना काय बिघडतं ते आता सांगते, कारण लोक इथेच कंटाळतात. आपला कांदा-लसूण मसाला थोड्या तेलात घातला की लगेच करपतो, कडू होतो आणि रंग काळपट येतो. जास्त तेलात तो तळला जातो म्हणून तर्री लालभडक येते. उपाय असा. चार माणसांच्या रश्शाला चार छोटे चमचे तेल घ्या. मोहरी-जिरं तडतडलं की बारीक चिरलेला कांदा आणि चिमूटभर मीठ घाला. मीठाने कांद्याला पाणी सुटतं आणि तो स्वतःच्या पाण्यात शिजतो. कोरडा पडला तर तेल नाही, गरम पाण्याचा हबका मारायचा. दोन चमचे मसाला वाटीत घेऊन तीन चमचे पाण्यात कालवा, आच अगदी मंद करा आणि मग हे ओलं वाटण कढईत सोडा. दोन मिनिटं हलवत राहा. पाणी आटलं की कडेने बारीक तेल सुटताना दिसेल, तेवढं पुरे. वरून पाणी घालायचं ते उकळतं. गार पाणी घातलं तर तवंगही येत नाही आणि चवही फिकी पडते.

वाटणातलं सुकं खोबरं ही तेलाचीच दुसरी वाट. सुक्या खोबऱ्यात 60 टक्क्यांहून जास्त स्निग्धांश असतो. 25 ग्रॅम खोबरं घातलं की कालवणात 160 कॅलरी वाढल्या. खोबरं पूर्ण सोडलं तर आपल्याकडच्या रश्शाला अर्थ उरत नाही, हे मला मान्य आहे. ते 10 ग्रॅमवर आणा, तव्यावर तेलाशिवाय खमंग भाजा आणि उरलेला दाटपणा भाजलेल्या कांद्याने व एक चमचा डाळव्याने आणा. डाळवं जास्त झालं तर रस्सा पिठुळ लागतो, म्हणून एकच चमचा.

कुटाचंही तसंच. शेंगदाणा उत्तम अन्न आहे, त्यात पाव भाग प्रथिनं आहेत, पण जवळजवळ अर्धा भाग तेल आहे. मोठा चमचाभर कूट 10 ग्रॅमचं, साधारण 57 कॅलरीचं. भाजीत, कोशिंबिरीत, खरड्यात, चटणीत असं चार ठिकाणी मूठमूठ गेलं की दोन भाकऱ्यांएवढं होतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. माणशी दिवसाला दोन मोठे चमचे, एवढं ठरवा. कोशिंबिरीला कुटाऐवजी भाजलेले जवस किंवा तीळ घातले तरी हिशोब तोच, कारण तीही तेलबियाच.

चहा आणि गूळ

म्हशीच्या दुधाचा, दोन चमचे साखरेचा अर्धा कप चहा साधारण 90 कॅलरीचा. सकाळी उठल्यावर, नाष्ट्याबरोबर, कामावर दोन, संध्याकाळी एक, असे पाच झाले की 450 कॅलरी आणि 50 ग्रॅम साखर. ही एका जेवणाची बरोबरी आहे आणि पोटाला तिचा पत्ताही लागत नाही. चहा सोडा असं मी म्हणणार नाही. दोन-तीन कपांवर या आणि साखर दर आठवड्याला कपामागे पाव चमचा कमी करा. दोन चमच्यांवरून अर्ध्यावर यायला सहा आठवडे लागतात. एका दिवसात बिनसाखरेचा चहा सुरू करणारे बहुतेक जण पुन्हा दोन चमच्यांवर जातात. दूध गायीचं घ्या, किंवा म्हशीचं तापवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि साय काढून वापरा. सायीचं लोणी-तूप होतं, ते मात्र वरच्या तेलाच्या वाटीच्या हिशोबातच धरा.

आता गुळाबद्दल. आपला पट्टा उसाचा. कराडचा गूळ, घरची काकवी, रस्त्यावरचा गुळाचा चहा यांच्याबद्दल आपल्याला माया आहे आणि ती रास्त आहे. पण वजनाच्या बाबतीत गूळ म्हणजे साखरच. 100 ग्रॅम साखरेत 400 कॅलरी, गुळात त्यापेक्षा थोड्याच कमी. आणि तेवढाच गोडवा यायला गूळ जास्त घालावा लागतो. गुळात थोडी खनिजं असतात, पण ती मिळवण्यासाठी साखर खायचं कारण नाही. मधुमेह असलेल्या माणसाला "गूळ चालतो" असं सांगणं तर घातक आहे. उसाच्या रसाच्या एका पेल्यात 25 ते 30 ग्रॅम साखर असते. आवडत असेल तर आठवड्यातून एकदा, अर्धा पेला, आणि त्या दिवशी चहा बिनसाखरेचा.

सकाळच्या कोमट पाणी-लिंबू-मधाने चरबी वितळत नाही. मोठा चमचाभर मध 60 कॅलरी वाढवतो, एवढाच त्याचा परिणाम. जिऱ्याच्या पाण्याचंही तेच, फक्त त्यात कॅलरी नसल्यामुळे ते निरुपद्रवी आहे.

ताट

"भाकरी हलकी असते" हे आपलं लाडकं वाक्य. भाकरीला तेल लागत नाही, तंतू जास्त असतात आणि ती चावून खावी लागते, म्हणून ती चांगलीच. पण 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे 335 कॅलरी असतात आणि बाजरीत थोड्या जास्तच. एकदा पीठ काट्यावर मोजून भाकरी थापून बघा. आपल्याकडची परातभर भाकरी 90-100 ग्रॅमची निघते. घडीची पोळी 35 ग्रॅम पिठाची आणि चमचाभर तेलाची धरली तर 155 कॅलरी. म्हणजे दीड मोठी भाकरी आणि तीन पोळ्या सारख्याच. माझा सल्ला असा, की भाकरी 70 ग्रॅमची थापा आणि एका जेवणाला एक. मूल वा म्हातारं माणूस नसेल आणि दिवसभर कष्टाचं काम असेल तर दीड.

भात सोडायची गरज नाही. इंद्रायणीचा 50 ग्रॅम कोरडा तांदूळ शिजून मोठी वाटीभर होतो, 175 कॅलरीचा. भात घ्यायचा त्या जेवणात भाकरी अर्धी. भात पूर्ण बंद करून चार पोळ्या खाणारी कितीतरी माणसं आहेत आणि वजन का उतरत नाही म्हणून ती चक्रावतात.

खरी उणीव प्रथिनांची असते. भाकरी कमी केली आणि जागी काही ठेवलं नाही की चार वाजता भूक कडकडून लागते आणि हात फरसाणाच्या, भडंगाच्या डब्यात जातो. (भडंगाचे चुरमुरे हलके, पण त्यातलं तेल आणि दाणे हलके नाहीत.) वजन उतरवताना 70 किलोच्या माणसाने दिवसाला निदान 70 ग्रॅम प्रथिनं धरावीत. आपल्याच घरातल्या पदार्थांतून ती कशी जमतात ते बघा. सकाळी दोन अंडी, 12 ग्रॅम. अंडी चालत नसतील तर 50 ग्रॅम मुगाचं धिरडं, तेवढीच. दुपारी 40 ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, 9 ते 10. सोबत वाटीभर दही, 5. दोन वेळच्या दोन भाकऱ्यांतून 14. संध्याकाळी मूठभर फुटाणे, 6. रात्री 30 ग्रॅम बेसनाचं पिठलं, 6. दिवसभराचं दूध 200 मिली, 6 ते 7. इथे साठाच्या आसपास येतो. उरलेली उणीव 25 ग्रॅम सोयाबीनच्या वड्या भरून काढतात, त्यांतून 12-13 ग्रॅम मिळतात. वड्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून दोनदा घट्ट पिळा, नाहीतर तो कच्चट वास कालवणाला लागतो.

आपल्या जिल्ह्याचं एक कडधान्य मला मुद्दाम सांगायचं आहे. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. 50 ग्रॅम कोरड्या घेवड्यात 11 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि भरपूर तंतू. रात्रभर भिजवा, भिजवलेलं पाणी टाकून द्या, नव्या पाण्यात कुकरला चांगला मऊ होईपर्यंत शिजवा. अर्धा कच्चा घेवडा पोटाला त्रास देतो. कुकरशिवाय शिजवत असाल तर उकळी फुटल्यावर किमान दहा मिनिटं मोठ्या आचेवर खळखळून उकळलाच पाहिजे. आठवड्यातून दोनदा घेवड्याची आमटी आणि एक भाकरी. रात्रीच्या जेवणाला यापेक्षा चांगलं काही मला सुचत नाही.

ताटात जागा ठरवून वाढा. अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, पावात उसळ किंवा आमटीतला घट्ट भाग, पावात भाकरी-भात. खायला सुरुवात काकडी-मुळा-गाजर आणि उसळीने करा, भाकरी नंतर मोडा. पोट भरल्याचा निरोप पोहोचायला वीसेक मिनिटं लागतात, आणि तोवर भाकरी संपलेली असली की दुसरी मागितली जाते. ज्यांना घरात आग्रह होतो त्यांनी ताटावर बसण्याआधीच सांगून ठेवावं. वाढलेलं नाकारणं आपल्याकडे जड जातं.

नाष्ट्याच्या पोह्यांबद्दल एवढंच. एक बशी पोहे 300 ते 350 कॅलरीचे आणि प्रथिनं जेमतेम. अकराला पुन्हा भूक लागते ती म्हणून. पोहे अर्धी बशी करा, बटाट्याऐवजी मटार आणि कोबी घाला, बाजूला मोड आलेल्या मुगाची वाटी किंवा एक-दोन अंडी घ्या. एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्यांनी रात्रपाळीला जाताना डबा नेलाच पाहिजे. पहाटे तीनला मिळेल ते तळलेलं खाऊन सकाळी घरी पुन्हा नाष्टा, हे वजन वाढण्याचं एक मोठं कारण आहे. डबा बाराच्या आत, मग सकाळपर्यंत ताक किंवा फुटाणे.

उपवास, जत्रा, पेढे

साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. 75 ग्रॅम साबुदाणा, 30 ग्रॅम दाणे आणि मोठा चमचाभर तूप, अशी एक बशी खिचडी 550 कॅलरीच्या पुढे जाते. उपवास करायचाच तर भगर आणि पातळ दाण्याची आमटी, उकडलेलं रताळं, राजगिऱ्याची भाकरी, ताक. एकच बशी, दोनदा नाही. श्रावणात वजन वाढलं म्हणून गोंधळणाऱ्यांनी आधी खिचडी मोजावी.

चैत्रात गावोगावच्या जत्रा लागतात. मटण स्वतःमध्ये वाईट नाही. एक वाटी फोडी, वरचा तवंग पळीने बाजूला काढलेला रस्सा, एक भाकरी, कांदा-लिंबू, इथे थांबता आलं तर दिवस फारसा बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी काटा एक-दीड किलोने वर दिसतो. ती चरबी नसते. मिठामुळे आणि जास्तीच्या पिष्टामुळे शरीरात धरून ठेवलेलं पाणी असतं आणि तीन-चार दिवसांत उतरतं. घाबरून दुसऱ्या दिवशी उपाशी राहू नका. उपाशी दिवसानंतर रात्री जे खाल्लं जातं ते जत्रेपेक्षा जास्त असतं.

कंदी पेढा 20-25 ग्रॅमचा असला तर 80-100 कॅलरीच्या आसपास. खवा चांगला भाजलेला असल्यामुळे एका पेढ्यात समाधान होतं. जेवणानंतर एक घ्या, डबा दुसऱ्या खोलीत ठेवा. रिकाम्या पोटी डबा उघडला तर एकावर थांबणं कुणालाच जमत नाही.

चालणं आणि जोर-बैठका

ज्यांचं वजन 85-90 च्या पुढे आहे, किंवा ज्यांनी वर्षभर व्यायाम केलेला नाही, त्यांनी पहिले सहा आठवडे गडाकडे जाऊ नये. शाहू स्टेडियमसारखं सपाट मैदान किंवा घराजवळचा सपाट रस्ता घ्या. पहिल्या आठवड्यात रोज 15 मिनिटं, मग दर आठवड्याला 5 मिनिटं वाढवत 40 वर या. वेग असा हवा की शेजारच्याशी बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. मिनिटाला साधारण 100 पावलं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला 150 ते 300 मिनिटांची आहे, म्हणजे 40 मिनिटं पाच दिवस चाललात की त्यात बसता. शिवाय दोन्ही जेवणांनंतर गल्लीतच 10-15 मिनिटं फिरा. जेवणानंतर वाढणारी साखर त्याने खाली राहते आणि मधुमेह असलेल्यांना याचा फरक तपासणीतही दिसतो.

सहा आठवड्यांनी चढ सुरू करा, आठवड्यातून दोनदा, आधी चार भिंतींपर्यंत. गुडघे दुखतात ते बहुतेक वेळा चढताना नाही, उतरताना. उतरणीला प्रत्येक पावलाला शरीराचा भार मांडीच्या पुढच्या स्नायूने रोखून धरावा लागतो आणि तो स्नायू कमजोर असला की भार गुडघ्यावर येतो. दोन दिवस मांड्या दुखणं हेही उतरणीचंच देणं. पावलं आखूड टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, पळत उतरू नका, आणि पायवाट सोडून डांबरी रस्त्याने या. झिजलेल्या टाचेचे बूट आणि चपला घालून गड चढू-उतरू नये. यवतेश्वर घाटातून होणाऱ्या अर्धमॅरेथॉनचं वेड साताऱ्यात चांगलं रुजलं आहे. मात्र 21 किलोमीटरच्या चढ-उताराला वजन उतरवण्याचं साधन समजू नका. आधी वजन उतरवा, ताकद कमवा, मग पळा.

ताकदीचा व्यायाम हा सगळ्यात दुर्लक्षित भाग, विशेषतः बायकांमध्ये. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं तर उतरलेल्या वजनात सुमारे पाव हिस्सा स्नायूंचा आणि इतर गैरचरबी भागाचा जातो. स्नायू गेले की शरीराचा बसल्या जागचा खर्च कमी होतो, थकवा येतो आणि वजन परत चढायला सोपं होतं. आठवड्यातून दोन-तीन दिवस, 20 मिनिटं पुरे. तालमीतल्या पूर्ण बैठका सुरुवातीला नकोत. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, 8 वेळा, थोडी विश्रांती, पुन्हा 8. दर आठवड्याला दोन वाढवा. 15 जमल्या की खुर्चीऐवजी बुटकं स्टूल. मग छातीशी पाच किलो पिठाची पिशवी धरून. जोर आधी भिंतीला हात टेकून, मग ओट्याला, मग खाटेच्या कडेला, शेवटी जमिनीवर. अर्धी भरलेली बादली पाठ सरळ ठेवून कंबरेतून वाकून उचलायची, 10 वेळा. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर वर उचलायची, 12 वेळा. नुसते पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जात नाही आणि घामाच्या पट्ट्याने फक्त पाणी जातं.

जूनपासून आपल्याकडे पाऊस लागतो आणि मेपर्यंत जमलेली सवय आषाढात मोडते. त्यासाठी सूर्यनमस्कार आधीपासून अंगवळणी पाडून ठेवा. आपल्याच जिल्ह्यातल्या औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, ते शाळाशाळांतून रुजवले होते. सहापासून सुरू करा, आठवड्याला दोन वाढवत 24 वर या. पाऊस नसला तरी आठवड्यातून एकदा घालत राहा, म्हणजे पहिल्याच पावसात पाठ धरत नाही. उच्च रक्तदाब असलेल्यांनी श्वास रोखू नये आणि डोकं खाली जाणाऱ्या स्थितीत थांबू नये.

काटा कसा वाचायचा

आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर आणि चहाच्या आधी. रोज वजन करून रोजचा जीव खाली-वर करू नका. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात तेव्हा पेढे वाटायची घाई नको. त्यात बरंचसं पाणी असतं, साठवलेल्या पिष्टाबरोबर शरीराने धरलेलं. त्यानंतर आठवड्याला अर्धा किलो हा चांगला वेग. महिन्यात आठ-दहा किलोची हमी देणाऱ्या पावडरी आणि पट्ट्यांच्या नादी लागू नका. फार वेगाने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात.

काट्याबरोबर टेपही ठेवा. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांची कंबर 90 सेंटीमीटर आणि बायकांची 80 च्या आत असावी. ताकदीचा व्यायाम सुरू केल्यावर कधी काटा थांबतो आणि कंबर उतरते, तेव्हा सगळं नीट चाललं आहे असं समजा. सुरुवातीच्या वजनाच्या पाच टक्के, म्हणजे 80 किलोवाल्याचे चार किलो उतरले की रक्तदाब आणि साखरेत फरक पडायला लागतो. आदर्श वजन गाठायला वर्ष लागलं तरी हा फायदा तीन महिन्यांत मिळतो.

एक गोष्ट कळकळीने सांगते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना भेटा. जेवण घटलं आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर एकदम खाली जाते. हात थरथरतात, घाम फुटतो, भोवळ येते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायची. इथे हिशोब बघायचा नाही. रक्तदाबाच्या गोळीचंही तसंच, वजन उतरलं की उठताना अंधारी यायला लागते आणि मात्रा कमी करावी लागते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर वर सांगितलेली प्रथिनं स्वतःच्या मनाने वाढवू नका. छातीत दाब, चढावर नेहमीपेक्षा जास्त धाप, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर गड तिथेच सोडून दवाखाना गाठा. थायरॉइडची तपासणी एकदा करून घ्यावी, पण 20 किलो वाढलेल्या वजनाचा सगळा दोष थायरॉइडवर टाकता येत नाही.

तीन-चार महिन्यांनी काटा अडतो. 80 चे 74 झालेल्या शरीराला आता कमी ऊर्जा लागते, त्यामुळे तेच ताट आता वजन राखण्याचं ताट झालेलं असतं. पण बहुतेक घरांत त्याआधी दुसरंच काही झालेलं असतं. तेलाची वाटी भरणं बंद झालेलं असतं, भाकरी पुन्हा 90 ग्रॅमवर गेलेली असते, चौथा चहा परत आलेला असतो. म्हणून खाणं आणखी कापण्याआधी एक आठवडा सगळं पुन्हा मोजा. मोजमाप बरोबर असूनही तीन आठवडे काटा आणि टेप दोन्ही हलले नाहीत, तर रात्रीची भाकरी अर्धी करा किंवा रोजचं चालणं 15 मिनिटांनी वाढवा, दोन्हींपैकी एकच. हवं ते वजन आलं की आठवड्याच्या अंतराने आधी अर्धी भाकरी, मग फळ, असं एकेक परत वाढवा, आणि काटा दोन किलोच्या वर गेला की त्याच आठवड्यात तेलाची वाटी पुन्हा ओट्यावर काढा.